चादर म्हणजे पलंगपोस नव्हे

श्री वाहेगुरूजी सहाय

मी, राजा निहचल सिंह, वडिलांचे नाव राजा गज्जण सिंह, वय वर्षे पंचेचाळीस, धर्म शीख, धंदा राज्य करणे (परवानगी असेल त्या दिवशी), राहणार सहजगढ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, राजीखुशीने आणि कसल्याही नशेच्या अमलाखाली नसताना लिहून ठेवतो. शेवटची अट पाळायची म्हणून सकाळी नऊची वेळ धरली आहे.

निहचल म्हणजे जो जागचा हलत नाही तो. नाव ठेवणाऱ्यांचा दोष नाही, त्यांना पुढचे काय माहीत.

माझी बुद्धी शाबूत आहे, असे या ठिकाणी लिहायची पद्धत आहे. आम्हा राजेलोकांना ते आपले आपण लिहिता येत नाही. राजाची बुद्धी शाबूत आहे की नाही, हे पोलिटिकल एजंट ठरवतो. माझ्या आजोबांनी कालव्याच्या पाण्यावरून एजंटाला उलट उत्तर दिले आणि त्याच आठवड्यात त्यांना वेड लागले. हवापालटासाठी म्हणून त्यांना डोंगरावर नेले ते परत आणलेच नाही. माझे वडील जन्मात कोणाला उलटून बोलले नाहीत. ते दिवसाकाठी दीड बाटली रिचवत आणि कबुतरांची लग्ने बँड लावून करत, तरी सरकारी कागदांत ते शेवटपर्यंत शहाणे राहिले. माझ्या बाबतीत वाद नको म्हणून आमच्या डॉक्टरचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात त्याने लिहिले आहे की राजासाहेबांची बुद्धी उत्तम असून हृदय फार तर सहा महिने चालेल.

याआधी मी दोन मृत्युपत्रे केली. दोन्ही इंग्रजीत होती आणि दोन्ही एजंटसाहेबांच्या कचेरीने तपासून, सुधारून, नीट टाइप करून माझ्या सहीसाठी पाठवली होती. ती दोन्ही रद्द समजावीत. हे मी गुरुमुखीत लिहीत आहे. हल्लीचे एजंट मेजर पेंडलटन यांना ही लिपी वाचता येत नाही, आणि जिने हे वाचावे अशी माझी इच्छा आहे तिला हीच एक लिपी वाचता येते.

हे पाकीट लाखेने बंद करून गुरुद्वाऱ्याचे ग्रंथी भाई लहणा सिंह यांच्याकडे ठेवावे. माझे दहन होऊन पाठाची समाप्ती होईल त्या दिवशीच ते उघडावे, आधी उघडू नये. जिवंतपणी मला कोणाशी भांडण नको आहे.

कलम पहिले. राज्य.

सहजगढचे राज्य मी कोणालाही देत नाही, कारण ते माझे नाही. राजवाडा राज्याचा आहे, राज्य सरकारच्या मर्जीचे आहे आणि सरकार साता समुद्रांपलीकडे आहे. रत्नजवाहिरांच्या खोलीची किल्ली एजंटसाहेबांकडे असते. दरबाराच्या दिवशी सकाळी पाचूचा कंठा माझ्या गळ्यात पडतो, मी पावती लिहून देतो आणि दुपारी तो परत जातो. रामलीलेतल्या रावणाला तरी दहा दिवस दागिने घालायला मिळतात.

तेव्हा देण्यासारखे माझे स्वतःचे म्हणून जे आहे ते इतके: कसौलीचे घर, जे मला आजीकडून मिळाले, माझे कपडे, कुत्री, तीन मोटारी, पैकी एक चालते, आणि ज्यांच्याविषयी मला काही म्हणायचे आहे त्यांच्यासाठी राखून ठेवलेले शब्द.

कलम दुसरे. टिक्कासाहेब.

माझा मुलगा रणजोध सिंह हा टिक्का, म्हणजे गादीचा वारस आहे. त्याला मी गादी देण्याचा प्रश्न येत नाही, ती त्याला परस्पर मिळेल. त्याच्या गोऱ्या मास्तराला रणजोध म्हणता येईना, म्हणून तो रॉनी झाला, आणि आता हाक मारली तर रॉनी या नावालाच वळतो.

रॉनी विलायतेहून आला तेव्हा बरोबर पगडी घेऊन आला. तिथल्या एका टोपीवाल्याने ती कायमची शिवून, आत अस्तर घालून दिली आहे. बांधायला नको, सोडायला नको, सकाळी डोक्यावर ठेवायची आणि संध्याकाळी खुंटीला लावायची. इथवर मी गप्प बसलो. पण गेल्या थंडीत मेजरसाहेबांच्या बायकोशी ओळख करून दिली तेव्हा चिरंजीवांनी कमरेत वाकून ती पगडी डोक्यावरून उचलली आणि पुन्हा ठेवली. म्हातारे सरदार एकदम जमिनीकडे बघायला लागले. एकाच्या हातून सरबताचा पेला पडला. मडमेला मात्र ते फार आवडले.

रणजोधला मी सात वार मलमल ठेवतो. ती त्याने स्वतःच्या हाताने डोक्याला बांधून दाखवावी. भाई लहणा सिंह त्याला शिकवतील आणि वेळ पडल्यास कानही पिळतील. बांधता आली तर मोटारी आणि कुत्री त्याची. नाही आली तर कुत्री मेजरसाहेबांना द्यावीत, त्यांची भाषा त्यांना समजते.

रणजोधच्या आईला, म्हणजे धाकट्या राणीला, पियानो आणि तिचे सगळे दागिने. तिचा यात काही दोष नाही. तिला जे लग्न म्हणून सांगितले त्यात दुसरी एक बायको आधीच आहे, हे तिला कोणी सांगितले नव्हते. कळले तेव्हा ती महिनाभर माझ्याशी बोलली नाही, आणि ते योग्यच होते.

कलम तिसरे. दिवाण.

दिवाण सरदार टेक सिंह यांना मी मोजपट्टी ठेवतो. डॉक्टरांचे निदान ऐकून दिवाणसाहेब फार हळहळले आणि तिसऱ्या दिवशी मागच्या चौकातल्या बीबी हुकम कौर यांच्या खोल्या मोजायला गेले. टिक्कासाहेबांसाठी विलायतेहून बिलियर्डचे टेबल यायचे आहे, ते तिथे मावेल की नाही हे पाहायचे होते. बीबीजींनी मोजपट्टीचे दुसरे टोक स्वतः धरले आणि म्हणाल्या, "दिवाणजी, नीट घट्ट ओढा. मेलेल्याला एवढी जागा पुरते की अजून लागते?" ती मोजपट्टी दिवाणसाहेब तिथेच टाकून आले. ती त्यांची त्यांना परत मिळावी.

कलम चौथे. चादर.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते.

माझे थोरले बंधू राजा नौरंग सिंह पोलोच्या घोड्यावरून पडून वारले तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते आणि मी एकोणीस. त्यांची विधवा हुकम कौर एकवीस वर्षांची. तिच्या माहेरचे लोक तिला न्यायला आले. आमच्या जाट घराण्यांत अशा वेळी काय करतात ते सगळ्या पंजाबाला ठाऊक आहे. धाकट्या दिराने भावजयीवर चादर घालायची, पाच पंचांसमोर दोघांनी तिच्याखाली बसायचे, ग्रंथींनी अरदास म्हणायची. त्या चादरीखालून उठतात ते नवरा-बायको. माझी पणजी अशीच राणी झाली होती आणि तिने अकरा वर्षे राज्य चालवले.

पंचांनी मला विचारले तेव्हा मी पुष्कळ आढेवेढे घेतले, कारण तशी रीत आहे. खरे सांगायचे तर मला ती आवडत होती. माझ्या इंग्रजी शिष्टाचाराला ती तोंडावर हसायची, आणि साऱ्या राजवाड्यात तशी ती एकटीच होती. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. संवत १९६५ च्या फाल्गुनात, तिच्या माहेरच्या गुरुद्वाऱ्यात, भर दुपारी चादर पडली. एक टोक तिचा भाऊ वसावा सिंह याने धरले होते. चादरीखाली ऊन गाळून येत होते आणि ती हळूच म्हणाली, "घाबरू नकोस, मी आहे ना." नवरा मी होतो.

ही हकीकत रीतीप्रमाणे त्या वेळचे एजंट कर्नल ट्रिम्बल यांना कळवली. त्यांचा मुन्शी होता लखनौकडचा. पंजाबी रीत त्याच्या गावीही नव्हती. 'राजासाहेबांनी वहिनीसाहेबांवर चादर घातली' या वाक्याचे त्याने इंग्रजी केले ते असे: राजाने आपल्या विधवा भावजयीस एक पलंगपोस दिला.

कर्नलसाहेबांनी बाजूला शेरा मारला: चांगले केले.

मग मी जेव्हा बायकोला राणीचा मान द्यावा म्हणून अर्ज केला, तेव्हा फाइल उघडली गेली. फाइलमध्ये पलंगपोस. कर्नलसाहेबांनी मला बोलावून अतिशय मायेने समजावले की पलंगपोस देणे हे सत्कृत्य आहे, पण त्याने विवाह होत नाही. मी म्हटले, "साहेब, तो पलंगपोस नव्हे, चादर." ते म्हणाले, "सुती की रेशमी?"

त्यांची मडम फार दयाळू बाई. राजघराण्यातल्या एका विधवेला दिराकडून पांघरायला मागावे लागते, हे ऐकून तिचा जीव कळवळला. त्या नाताळात तिने हुकम कौरला पलंगपोसांची एक जोडी भेट पाठवली. कर्नलसाहेब बदलून गेले तरी फाइल राहिली. नव्या एजंटाची मडम फाइलला विचारते, फाइल सांगते, की दर नाताळाला बीबीजींना पलंगपोस जातात. सात एजंट झाले. तेवीस जोड्या जमल्या आहेत, घडीसुद्धा मोडलेली नाही. माझ्या बायकोला सरकारने माझी बायको मानले नाही, पण तिच्या अंथरुणाची काळजी मात्र एकही वर्ष चुकवली नाही.

त्या तेवीस जोड्या इस्पितळाला द्याव्यात.

कलम पाचवे. सही.

पलंगपोसाची चूक मुन्शीची होती. पुढची माझी आहे.

संवत १९६८ मध्ये मी बावीस वर्षांचा झालो आणि मला राज्याचे पूर्ण अधिकार मिळायचे होते. शिवाय तोफा. आम्हाला तेव्हा नऊ तोफांची सलामी होती. नऊ तोफांपर्यंत माणूस नुसता राजा असतो, अकराला हिज हायनेस होतो. कर्नलसाहेबांनी चहाला बोलावले. बागेत बँड वाजत होता, चाळीसेक पाहुणे होते. खारी बिस्किटे होती. त्यांनी एक टाइप केलेला कागद पुढे केला. त्यात असे होते की हुकम कौर ही माझी पत्नी नाही आणि कधी नव्हती, ती माझ्या दिवंगत बंधूंची विधवा असून दयेपोटी राजवाड्यात राहते.

मी कागद पूर्ण वाचला. माझे इंग्रजी तेव्हाही चांगले होते. मी सही केली.

महिन्याभरात अकरा तोफा झाल्या. बायको देऊन मी दोन बार घेतले. पहिल्यांदा अकरा वाजल्या त्या दिवशी हुकम कौर स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मोजत होती असे दासीने सांगितले. दहावा आणि अकरावा ऐकून ती आत गेली. त्यावर ती मला कधी काही बोलली नाही. बोलली असती तर मी काहीतरी खुलासा तयार ठेवला होता, तो अजून पडून आहे.

आमची मुलगी निरंजन कौर तेव्हा वर्षाची होती. तिचे लग्न पाच वर्षांमागे झाले. निमंत्रणपत्रिकेत 'राजवाड्याच्या आश्रयातील कन्या' असे छापले होते, कारण मजकूर कचेरीकडून तपासून आला होता. आमच्यात लग्नाच्या वेळी बापाने जावयाच्या खांद्यावरच्या पल्ल्याचे, म्हणजे शेल्याचे, टोक मुलीच्या हातात द्यायचे असते. ते दिवाण टेक सिंहाने दिले. मी एजंटसाहेबांच्या शेजारी प्रमुख पाहुणा म्हणून बसलो होतो. मी मुलीला चहाचा सेट आहेर केला. तिने वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "आपण आलात, फार उपकार झाले, राजासाहेब." मला रडू आले. शेजारून मेजरसाहेबांनी माझ्या पाठीवर थोपटले आणि म्हणाले, लग्नांत त्यांनाही तसे होते.

कलम सहावे. कसौलीचे घर.

कसौलीचे घर, आतल्या सामानासकट, मी माझी पत्नी हुकम कौर हिला देतो. माझ्यामागे तिला राजवाड्यातून काढतील, यात शंका नाही. फाइलप्रमाणे ती माझी कोणी नाही, तेव्हा माझ्या चितेच्या वेळी तिने कुठे बसायचे हेही दिवाण ठरवील. म्हणून मी इथे स्पष्ट लिहितो की

(वरचे वाक्य अर्धे राहिले, कारण हुकम कौर खोलीत आली. ती का आली आणि काय म्हणाली हे मी जसेच्या तसे लिहून ठेवतो. मृत्युपत्रात असे लिहीत नाहीत, हे मला माहीत आहे. पण हे माझे मृत्युपत्र आहे आणि कोणाच्या कचेरीने तपासलेले नाही.)

ती दारातूनच म्हणाली, "काय चाललंय?"

"राज्यकारभार."

"तुझा राज्यकारभार टाइप होऊन येतो. बोटांना शाई कशाने लागली? आण इकडे."

चष्मा लावून तिने उभ्यानेच वाचायला सुरुवात केली. पगडीच्या कलमाला ती खुदकन हसली. मोजपट्टीला म्हणाली, "हे बरं केलंस." पाचव्याला खुर्चीवर बसली. सगळे वाचून झाल्यावर तिने पाने सारखी करून माझ्यासमोर ठेवली.

"घर मला नको. कसौलीला थंडी असते, माझे गुडघे धरतात."

"बाकीचं?"

"बाकीचं चांगलं लिहिलंयस. अक्षर सुधारलंय. हे उघडायचं कधी?"

"मी गेल्यावर."

"म्हणजे तू लाकडांवर जळून गेलेला, मी चिकाच्या पडद्याआड, आणि आपले भाईजी नाकात वाचणार, की हुकम कौर राजासाहेबांची बायको होती बरं का."

"नाकात का होईना, वाचतील ना?"

"आणि मेजर विचारील, राजाच्या दोन सह्या आहेत, खरी कुठली? तेव्हा काय, उठून सांगायला येशील? हिज हायनेस राखेतून उठले, म्हणाले, दुसरी."

मी म्हटले, "हुकम, मला जरा समजून घे. मी आत्ता बोललो तर ते उद्या मला वेडा ठरवतील. आजोबांसारखं डोंगरावर नेतील. माझं हृदय..."

"हृदयाचं नाव पुढे करू नकोस. ते तेव्हाही होतं, चांगलं धडधाकट." ती उठली. "सही दिवसाउजेडी केलीस. चाळीस माणसं होती, बँड होता, बिस्किटं होती. ती फिरवायची म्हटलं तर मेल्यावर, पाकिटात, लाख लावून. शाबास रे माझ्या वाघा!"

"तुला हवंय तरी काय? लिहिलंय ना मी, माझी पत्नी म्हणून!"

"मला कशाला सांगतोस? मला पंचवीस वर्षं ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांग." दारापाशी ती थांबली. "उद्या बैसाखीचा दरबार. माझा वसावा येणार आहे, सगळ्या गावांचे सरदार येतील. मी पडद्याआड बसेन, नेहमीसारखी. तू काय करायचं ते तुझं तू बघ."

ती गेली त्याला आता एक तास होत आला. या तासात मी तीनदा घंटी वाजवून पाणी मागवले.

कलम सातवे.

वर 'हे पाकीट लाखेने बंद करून' पासून 'भांडण नको आहे' पर्यंतचा मजकूर मी रद्द करतो. हे मृत्युपत्र बंद करायचे नाही. उद्या, बैसाखीच्या दिवशी, भर दरबारात, नजराणे झाल्यावर मी ते स्वतः वाचणार आहे.

वाचल्यावर काय होईल याची मला कल्पना आहे. अकराच्या नऊ तोफा होतील, कदाचित एकही राहणार नाही. अधिकार जातील आणि टिक्कासाहेबांच्या नावाने कौन्सिल बसेल. नवा डॉक्टर येऊन माझी जीभ बघेल आणि बुद्धी गेली म्हणून लिहून देईल. डोंगरावरच नेले तर कसौलीला न्यावे, तिथे स्वतःचे घर आहे. ते घर मी आता मुलगी निरंजन कौर हिला देतो. इथून पुढे अक्षर वाकडे येईल, ते माझेच समजावे.

दरबाराने ऐकावे ते हे. कर्नल ट्रिम्बल यांच्या बागेत मी केलेली सही खोटी आहे. हुकम कौर ही संवत १९६५ च्या फाल्गुनापासून आजतागायत माझी लग्नाची बायको आहे. ती कोणाच्या दयेवर इथे राहत नाही, स्वतःच्या घरात राहते. निरंजन कौर ही माझी औरस मुलगी आहे आणि तिच्या हातात पल्ला देणे माझे काम होते. ती सही करताना मला कोणी कोंडले नव्हते, कोणी पिस्तूल दाखवले नव्हते. फक्त चहा पाजला होता. मी भित्रा आहे. दुसरे कारण नाही.

सही: निहचल सिंह
सहजगढ, चैत्र अखेर, संवत १९९१

साक्षीदाराचा शेरा

मी, भाई लहणा सिंह, ग्रंथी, वय अडुसष्ट, लिहून देतो की वरील मृत्युपत्र बैसाखीच्या दिवशी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, पूर्ण दरबारात वाचले गेले. राजासाहेबांनी त्यावर माझ्या आणि दुसऱ्या साक्षीदाराच्या डोळ्यांदेखत पुन्हा सही केली.

राजासाहेबांनी उभे राहून वाचायला सुरुवात केली. मेजरसाहेबांची पंजाबी 'सत श्री अकाल' च्या पुढे जात नाही. हे बैसाखीचे भाषण असावे अशा समजुतीने ते मान डोलावत होते. कुत्र्यांच्या कलमाला दरबार हसला तेव्हा तेही हसले. दिवाणसाहेब मोजपट्टीच्या कलमानंतर सारखे कपाळ पुसत होते. चौथ्या कलमाला सगळा दरबार एकाएकी गप्प झाला, तेव्हा मेजरसाहेबांनी दिवाणसाहेबांना इंग्रजीत विचारले की राजासाहेब काय सांगत आहेत. दिवाणसाहेब म्हणाले, "पलंगपोसांबद्दल आभार मानताहेत, साहेब."

राजासाहेबांनी ते ऐकले. वाचणे थांबवून ते मेजरसाहेबांकडे वळले आणि इंग्रजीत काही बोलले. मला इंग्रजी येत नाही. टिक्कासाहेब जवळ होते, त्यांना मी नंतर विचारले. ते म्हणाले, बाबा असे म्हणाले की दिवाण खोटे सांगतो आहे, मी माझ्या बायकोबद्दल बोलतो आहे, ती त्या पडद्यामागे बसली आहे आणि तुम्ही बसून शेवटपर्यंत ऐकावे. मेजरसाहेब बसले नाहीत. अत्तरगुलाब न घेता ते उठून गेले आणि त्यांच्यामागे दिवाणसाहेब गेले. टिक्कासाहेब अर्धे उठले होते, ते पुन्हा खाली बसले.

राजासाहेबांनी पुढे वाचले. सातव्या कलमाशी आल्यावर त्यांचा श्वास पुरेना. 'दरबाराने ऐकावे ते हे' इतके म्हणून त्यांना गादीवर बसावे लागले. डॉक्टर धावले. मी कागद घ्यायला हात पुढे केला, तेवढ्यात चिकाचा पडदा बाजूला झाला आणि बीबीजी बाहेर आल्या. चाळीस वर्षांत या दरबारात पडद्याबाहेर कोणी बाई आलेली मी पाहिली नाही. त्यांनी राजासाहेबांच्या हातातून कागद घेतला, चष्मा लावला आणि राहिलेला मजकूर, मी सही केली, मी असे केले, अशा राजासाहेबांच्याच शब्दांत, मोठ्या आवाजात वाचला. बीबीजींचे भाऊ, त्यांच्या गावचे लंबरदार वसावा सिंह ऐकता ऐकता रडत होते. 'माझी लग्नाची बायको आहे' हे वाक्य वाचताना त्या थांबल्या नाहीत, पण राजासाहेबांकडे एकदा पाहिले.

कागदावर लिहिलेला आणि दरबारात वाचलेला मजकूर यांत एका शब्दाचा फरक पडला आहे. तो नोंदवणे साक्षीदार म्हणून माझ्याकडे येते. कागदावर 'मी भित्रा आहे' असे राजासाहेबांच्या हातचे आहे. बीबीजींनी 'मी भित्रा होतो' असे वाचले. चष्म्यामुळे चुकले असेल असे वाटून मी हळूच म्हणालो, "बीबीजी, तिथे 'आहे' असं लिहिलंय."

त्या म्हणाल्या, "दिसतंय मला. होतो."

कोणता शब्द कायम धरावा हे मी राजासाहेबांना विचारले. त्यांना बोलवेना. म्हणून कागद आहे तसा ठेवून हा शेरा जोडला आहे.

सहजगढ, बैसाखी, १ वैशाख, संवत १९९१

साक्षीदार:
१. भाई लहणा सिंह, ग्रंथी, सहजगढ
२. वसावा सिंह, लंबरदार (अंगठा)

वाचून दाखवणार: हुकम कौर, नवऱ्याचे नाव निहचल सिंह, राहणार सहजगढ